भाड्याच्या घरासाठी पाणी गाळण्याचा छोटा जग घ्यावा का?

ओट्यापुरती, पुणे :

नमस्कार. आम्ही सिंहगड रस्त्याच्या परिसरात भाड्याने राहतो. घरात मी, यजमान आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई अशी तीन माणसे आहोत. ओटा इतका आखूड आहे की शेगडी आणि मिक्सर ठेवल्यावर पोळपाटापुरतीच जागा उरते. भिंतीला भोक पाडायला घरमालकांची परवानगी नसल्यामुळे टांगायचे आरओ यंत्र बाद झाले आणि त्यातून वाया जाणारे पाणी पाहता ते बाद झाल्याचे मला फारसे वाईटही वाटले नाही. सध्या मी पिण्याचे पाणी उकळते, गार करते आणि माठात भरते. त्यात सकाळचा बराच वेळ आणि गॅस जातो.

लंडनला राहणारी माझी धाकटी बहीण फिल्टरचा जग वापरते. वर पाणी ओतायचे, मधल्या कार्ट्रिजमधून ते खाली उतरते आणि जग फ्रिजच्या दारात उभा राहतो, हे मला फार सोयीचे वाटले. तसे जग इथेही ऑनलाइन मिळतात. तिघांसाठी केवढा जग घ्यावा, कार्ट्रिज किती दिवस चालते आणि मुख्य म्हणजे तो घेतल्यावर उकळणे बंद करता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे. आमच्याकडे एरवी महापालिकेचे पाणी येते. उन्हाळ्यात सोसायटी टँकर मागवते आणि ते पाणीही त्याच टाकीत पडते. पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या टीडीएस मीटरवर एरवी ९६ आणि टँकरच्या दिवशी ६४० असा आकडा आला होता.

निवृत्त तपासनीस, सातारा :

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग आधी घेतो, कारण बाकीची निवड त्यावरच अवलंबून आहे. या जगामुळे उकळणे सुटत नाही.

जगाच्या कार्ट्रिजमध्ये साधारणपणे दोन पदार्थ असतात. पहिला म्हणजे सक्रिय कोळसा, जो बहुधा नारळाच्या करवंटीपासून केलेला असतो. तो क्लोरिन आणि वास-चव बिघडवणारी काही सेंद्रिय द्रव्ये धरून ठेवतो. दुसरा म्हणजे आयन-विनिमय रेझिनचे बारीक मणी, जे पाण्यातले कॅल्शियम काही प्रमाणात घेतात आणि त्या बदल्यात हायड्रोजन सोडतात, म्हणून किटलीत क्षाराचा थर कमी धरतो. काही कार्ट्रिजांत शिसे आणि तांबेही कमी होते. जिवाणू आणि विषाणू मात्र या कोळशाच्या कणांमधल्या फटींतून सहज निघून जातात, आणि म्हणूनच असे जग बनवणारे स्वतःच माहितीपत्रकात लिहितात की आधीच शुद्धीकरण झालेले नळाचेच पाणी यात ओतावे. ती ओळ बारीक अक्षरांत असते आणि कोणी वाचत नाही.

मी जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत नोकरी केली. त्या काळात नारूचा रोग अजून गेलेला नव्हता आणि गावोगाव आम्ही पाणी दुहेरी फडक्याने गाळून प्या असे सांगत हिंडत होतो. नारूची अळी वाहून नेणारा सायक्लॉप्स हा जीव जेमतेम एक मिलिमीटरचा, पण कापडात अडकण्याइतका मोठा, म्हणून साधे फडके पुरत असे. पुढे २००० साली भारत नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. त्याच फडक्यातून कॉलऱ्याचा सुटा जिवाणू मात्र आरपार जाई. गाळणी कोणतीही असो, तिच्यातून काय अडायला हवे हे आधी ठरवावे लागते.

टीडीएस मीटरबद्दलही एक गैरसमज दूर करतो. ते यंत्र पाण्याची विद्युतवाहकता मोजून विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देते. त्याला जंतू दिसत नाहीत. गटाराच्या पाण्याचा शिरकाव झालेल्या नळालाही ते १२० दाखवू शकते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालते. ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जिवाणू मात्र १०० मिलिलिटर पाण्यात एकही आढळता कामा नये. तुमचा ९६ हा आकडा धरणाच्या पाण्याला शोभणारा आहे, पण ६४० असलेल्या टँकरच्या पाण्यात बोअरचा वाटा असावा आणि त्यावर क्लोरिनची प्रक्रिया झाली आहे की नाही हे तुम्हाला ठाऊक नाही. माझी खरी काळजी तिथे आहे.

ग्रामपंचायतीतला जलसुरक्षक रोज ओटी टेस्ट करतो, तशी तुम्हीही करू शकता. नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकल्यावर ते पिवळे झाले तर क्लोरिन आहे आणि बिनरंगीच राहिले तर टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पोहोचलेले नाही. टँकर आल्याच्या दिवशी टाकीच्या पाण्याची ही चाचणी करून पाहा. पाणी बिनरंगीच राहिले तर ते जगात घालणे म्हणजे खिडकी उघडी ठेवून दाराला कुलूप लावणे होय.

शिवाय जग क्लोरिन काढून टाकतो, त्यामुळे गाळलेल्या पाण्याला पुढे कसलेच संरक्षण उरत नाही. ते फ्रिजमध्ये ठेवावे आणि एक-दोन दिवसांत संपवावे. नुसता क्लोरिनचा वासच नको असेल तर पाणी झाकण न लावता, वर स्वच्छ फडके टाकून रात्रभर पातेल्यात ठेवले तरी तो बराचसा उडून जातो आणि त्याला एक पैसाही पडत नाही.

टेम्सकाठची, लंडन :

वरचा प्रतिसाद अगदी बरोबर आहे. आमच्याकडे हा जग का चालतो हे कळले तर तुमच्याकडे तो का पुरणार नाही हेही कळेल, म्हणून लिहिते. लंडनच्या पाण्याचा मोठा भाग खडूच्या खडकातून झिरपलेला असल्यामुळे ते जड असते. ते नळापर्यंत निर्धोक पोहोचते, पण किटलीत महिन्याभरात पांढरी खपली धरते आणि बिनदुधाच्या चहावर तेलकट दिसणारा तवंग येतो. ही दोन दुखणी जगाने कमी होतात आणि आम्ही त्यासाठीच तो घेतो. मुंबईत वाढलेल्या मला तो तवंग पहिल्यांदा दिसला तेव्हा कप नीट विसळला नाही असेच वाटले होते. भातसा-वैतरणेचे पाणी बेसाल्टच्या मुलखातले, त्यामुळे चहावर असे काही आईच्या घरी कधी पाहिलेच नव्हते.

तरीही घ्यायचाच असेल तर मापाकडे नीट बघा. खोक्यावर लिहिलेले २.४ लिटर हे पूर्ण जगाचे माप असते. त्यातला वरचा कप्पा आणि कार्ट्रिजची जागा वजा केल्यावर गाळलेले पाणी साधारण दीड लिटरच मिळते. तिघांना रोज साडेसात लिटर लागत असेल तर दिवसाला पाच वेळा जग भरावा लागेल. एका कार्ट्रिजची क्षमता बहुधा १०० ते १५० लिटर असते, म्हणजे तुमच्याकडे ते तीन आठवडेही टिकणार नाही आणि वर्षाला अठरा ते सत्तावीस कार्ट्रिज लागतील. जगाची किंमत एकदाच बसते, खरा खर्च यांचा आहे, आणि त्याच मापाचे कार्ट्रिज पुढच्या वर्षी तुमच्याकडे मिळेल का हेही आधी पाहून घ्या. झाकणावरचा कार्ट्रिज बदलण्याचा दिवाही पुष्कळ जगांत केवळ दिवस मोजतो. पाणी किती गाळले गेले याच्याशी त्याचा संबंध नसतो.

आणखी एक, जे दुकानात कोणी सांगत नाही. वरच्या कप्प्यातले पाणी पूर्ण उतरण्याआधी जग वाकवला तर न गाळलेले पाणी झाकणाच्या कडेने सरळ पेल्यात पडते. घरात घाईने पाणी ओतून घेणारी मंडळी असतील तर हे रोज होते. आमच्याकडे रोज होते.

ओट्यापुरती, पुणे :

दोघांचेही मनापासून आभार. मी जगाच्या रंगाचा विचार करत होते आणि टाकीचा विचारच केला नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये आमच्याच भागात जीबीएसचे, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे, रुग्ण आढळले आणि त्याचा संबंध दूषित पाण्याशी जोडला गेला, तेव्हापासून सासूबाईंना न उकळलेले पाणी द्यायचे धाडस होत नाही, त्यामुळे उकळणे चालूच ठेवते. पण भिंतीला न लावता, विजेविना चालणारे आणि जंतू अडवणारे दुसरे काही आहे का?

गाळणीवाला, ठाणे :

आहे. दोन डब्यांचा, वरून पाणी ओतायचा आणि खाली तोटी असलेला ग्रॅव्हिटी फिल्टर घ्या, पण त्यात यूएफ (अल्ट्राफिल्ट्रेशन) मेंब्रेन, म्हणजे पोकळ तंतूंची अतिशय बारीक गाळणी, आहे याची खात्री करा. या पोकळ तंतूंची छिद्रे साधारण ०.०१ ते ०.१ मायक्रॉनची असतात आणि ई. कोलाय अर्धा मायक्रॉन जाडीचा, त्यामुळे जिवाणू अडतात. काही विषाणू मात्र त्याहून बारीक असल्यामुळे निसटू शकतात, म्हणून सासूबाईंचे पाणी तुम्ही उकळताच आहात ते तसेच चालू द्या. क्षार यातूनही कमी होत नाहीत, तेव्हा टँकरच्या दिवशी ६४० चे ६४० च राहतील आणि पाणी मचूळच लागेल.

हा डबा ओट्यावर मावणार नाही असे वाटेल, पण तो ओट्यावर ठेवायचाच नसतो. माठाच्या तिवईवर बसतो का ते तळाचा व्यास मोजून पाहा. आमच्या घरी तो तिवईवरच आहे आणि तोटीखाली तांब्या अलगद मावतो. मेंब्रेन तुंबले की तोटीची धार बारीक होते. तेव्हा माहितीपत्रकात सांगितल्याप्रमाणे ते उलट दिशेने धुवावे आणि तरीही धार सुधारली नाही तर बदलावे. पहिले दोन डबे भरून पाणी झाडांना घाला, कारण त्यात फिल्टरमधल्या कोळशाची काळी पूड उतरते. आणि सोसायटीची टाकी शेवटची कधी धुतली ते सेक्रेटरींना विचारा. आमच्याकडे विचारले तेव्हा कोणालाच आठवत नव्हते.