रुग्णसहायकांसाठी प्रशिक्षण वर्ग सोलापुरात सुरू करायचा आहे, सुरुवात कशी करावी?

प्रश्न : वॉर्ड इनचार्ज, जुळे सोलापूर

मी जीएनएम झालेली परिचारिका असून गेली 19 वर्षे सोलापुरातील खासगी रुग्णालयांत काम करीत आहे. रुग्णाचे अंग पुसणे, कूस बदलणे, बेडपॅन देणे, भरवणे ही कामे वॉर्डात ज्या मावशी आणि मुली करतात, त्यांना ती रीतसर कोणी शिकवलेलीच नसतात. एकीचे पाहून दुसरी शिकते आणि चांगल्या सवयीबरोबर चूकही पुढे जाते. मागच्या महिन्यात अर्धांगवायूच्या एका आजोबांना नव्या मुलीने आडवे ठेवूनच पेज भरवायला घेतली. मी नेमकी त्याच वेळी राउंडला आले म्हणून निभावले. मी तिला सर्वांसमोर रागावले आणि घरी गेल्यावर वाईट वाटले, कारण खाटेचे डोके वर करून मगच घास द्यायचा, हे तिला सांगण्याची जबाबदारी माझीच होती.

अशोक चौकाच्या बाजूला दोन खोल्या भाड्याने मिळत आहेत. पूर्व भागात विडी कामगारांच्या घरांतील दहावी-बारावी झालेल्या अनेक मुली कामाच्या शोधात आहेत. घरच्यांचा आग्रह असा की पाटीवर ‘नर्सिंग स्कूल’ असेच लिहावे, म्हणजे प्रवेश लवकर होतील. मान्यता कोणाची घ्यावी, वर्ग किती महिन्यांचा असावा आणि या मुलींना परवडेल अशी फी कशी बसवावी, याबाबत अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : निवृत्त सिस्टर ट्यूटर

सिस्टर, आधी पाटीचे बोलू. एएनएम हा 2 वर्षांचा आणि जीएनएम हा 3 वर्षांचा परिचारिकांचा अभ्यासक्रम असून, तो पूर्ण करून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नाव नोंदवल्यावरच परिचारिका म्हणून काम करता येते. महाराष्ट्रात त्यासाठी 1966 चा परिचारिका अधिनियम आहे. तुमचा वर्ग यांपैकी काहीच नाही. तो रुग्णसहायकांचा वर्ग आहे, तेव्हा पाटीवर, पावतीवर आणि प्रमाणपत्रावर तेवढेच लिहावे. कौशल्य प्रशिक्षणात याच कामासाठी ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’ हा अभ्यासक्रम आहे. मान्यतेची चौकशी राज्याच्या कौशल्य व व्यवसाय शिक्षण मंडळाच्या जिल्हा कार्यालयात करावी आणि लेखी उत्तर हाती येईपर्यंत एकाही मुलीकडून फी घेऊ नये.

दुसरी गोष्ट मला पाटीहूनही महत्त्वाची वाटते. दोन खोल्यांत फळा आणि पुतळा मावेल, पण हा विषय रुग्णाच्या खाटेजवळच शिकता येतो. एखाद्या रुग्णालयाशी लेखी करार झाल्याशिवाय भाडेपट्टीवर सही करू नका. करारात मुलींच्या ड्युटीच्या वेळा असाव्यात, त्यांना इंजेक्शन किंवा सलाइन लावायला सांगितले जाणार नाही हे स्पष्ट असावे आणि सुई टोचल्यास उपचार कोण करणार हेही असावे. हेपॅटायटिस बी लसीचे तीन डोस 0, 1 आणि 6 महिन्यांनी घ्यायचे असतात, त्यामुळे पहिला डोस प्रवेशाच्या दिवशीच द्यावा. वापरलेली सुई पांढऱ्या न भेदल्या जाणाऱ्या डब्यात, रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवीत आणि सलाइनची नळी लाल पिशवीत, हे पहिल्याच आठवड्यात अंगवळणी पडले पाहिजे.

शिकवताना एक गोष्ट घाई न करता शिकवा : रुग्णाची पाठ पाहणे. दर दोन तासांनी कूस बदलायची हे पाठ करून घेणे सोपे असते. पण माकडहाडावरचा लालसर डाग बोटाने दाबून, बोट काढल्यावर तो पांढुरका पडतो की तसाच लाल राहतो, हे पाहायला हाताची आणि डोळ्यांची सवय लागते. सावळ्या कातडीवर तर लाली दिसतच नाही. तिथे हाताला लागणारा गरमपणा आणि कडकपणा ओळखावा लागतो. डाग तसाच राहिला तर ते बेडसोअरचे (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेचे) पहिले पाऊल समजून त्याच क्षणी सिस्टरला सांगायचे. रुग्णाला ओढून वर सरकवल्यानेही कातडी सोलवटते. घरी ड्रॉ शीट (रुग्णाला उचलून सरकवण्यासाठी अंगाखाली घालायची आडवी चादर) नसते, पण चादर सोलापुरात कोणत्या घरी नाही? तिची चौपदरी घडी करून अंगाखाली घालावी, वर जुनी मऊ सुती साडी अंथरावी, कारण चादरीची वीण खरखरीत असते, आणि दोघींनी दोन्ही बाजूंनी एकदम उचलावे.

उत्तर : कुंभारीची वाचक

मॅडमनी पाटीबद्दल लिहिले ते माझ्यावर बेतलेले आहे. एका वर्गात ‘सहा महिन्यांत नर्स’ असे सांगून माझ्याकडून हप्त्याने फी घेण्यात आली. आईने विड्या वळून ती भरली. शेवटी सोनेरी किनारीचे प्रमाणपत्र मिळाले, पण नोंदणीची चौकशी केली तेव्हा याचा उपयोग नाही असे उत्तर मिळाले. आज मी घरी जाऊन वृद्धांची सेवा करते आणि हे काम मला आवडते. पहिल्याच दिवशी खरे सांगितले असते तरी मी हेच शिकले असते. आईला मात्र मी अजूनही पूर्ण सांगितलेले नाही.

एक सुचवते. शिकवणाऱ्यांना थोडे तेलुगू आणि कन्नड यावे. माझ्याकडच्या एका आजी दिवसभर ‘नोप्पी, नोप्पी’ म्हणत होत्या आणि आधीच्या बाईला त्या पाणी मागतात असे वाटून ती पाणीच देत राहिली. तेलुगूत नोप्पी म्हणजे दुखणे, कन्नडमध्ये नोवु.

उत्तर : व्यवस्थापक, 30 खाटांचे रुग्णालय, होटगी रोड

आम्हाला माणसे आजच हवी असतात, त्यामुळे सहा महिन्यांचा वर्ग व्यवहारात टिकेल असे मला वाटत नाही. तीन महिने पुरेत. मुलगी वेळेवर यावी, मोबाइल बाजूला ठेवावा आणि रात्रपाळीला झोपू नये, बाकी आम्ही शिकवून घेतो.

उत्तर : निवृत्त सिस्टर ट्यूटर

साहेब, ‘बाकी आम्ही शिकवून घेतो’ या वाक्यातूनच सिस्टरांचा प्रश्न निर्माण झाला आहे. तरी मधला मार्ग निघू शकतो : तीन महिने वर्ग आणि सराव, पुढचे तीन महिने तुमच्या वॉर्डात सिस्टरच्या हाताखाली, आणि त्या काळात तुम्ही विद्यावेतन द्यावे. विडीचे रोजचे पैसे बुडवून येणाऱ्या मुलीला तेवढाच आधार होईल आणि फीही कमी ठेवता येईल.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे आभार. साहेब, विद्यावेतनाची तयारी असेल तर कराराचा मसुदा घेऊन मी स्वतः येते. खोल्यांच्या मालकांकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली आहे. पहिल्या तुकडीत बाराच मुली घेईन, म्हणजे प्रत्येकीचा हात रुग्णाच्या पाठीवर मला स्वतःला पाहता येईल. कुंभारीच्या ताई, तुम्हाला जमत असेल तर आठवड्यातून एक दिवस तेलुगू शिकवायला याल का? मानधन देईन. पाटी रंगवणाऱ्याने ‘नर्सिंग’ हा शब्द कालच लिहून टाकला होता; तो खोडायला सांगितले आहे.