पाणथळ सांभाळणाऱ्यांना ‘मक्तेदार’ म्हणण्याआधी

चिखलवाट: परवा टिटवी यांनी लिहिलं, ‘पाणथळ वाचवणाऱ्या संस्था म्हणजे चार निवृत्त माणसांची मक्तेदारी. वर्षानुवर्षं तेच अध्यक्ष, तेच खजिनदार. काम काय, तर फलक लावायचे आणि पक्षी मोजायचे.’ दोन दिवस हे डोक्यातून जात नाही. मी अशा संस्थेचा सात वर्षं चिटणीस होतो. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून दर जानेवारीत होते. तीच जागा, तीच पहाट, पोटरीभर चिखल. रामसरच्या यादीसाठी, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीसाठी, नियमित २०,००० पाणपक्षी किंवा एखाद्या जातीच्या एकूण संख्येच्या १ टक्का, हे दाखवायचं कशाच्या जोरावर? गणनेच्या याच वह्यांच्या. भराव टाकणारा म्हणतो, ‘इथे कधी पक्षी नव्हतेच’. तेव्हा वही उघडावी लागते. आणि खजिनदाराचं म्हणाल, तर दरवर्षी सभेत विचारायचो, ‘हिशेब कोण घेतंय?’ सगळ्यांच्या माना खाली.

टिटवी: माना खाली जातात, कारण मान वर करणाऱ्याला पुढच्या सभेचं बोलावणं येत नाही. मी भोगलंय. कार्यकारिणीत एक मासेमार आणि एक गुराखी घ्या, एवढंच म्हटलं होतं. ‘त्यांना शास्त्र कळत नाही’ असं उत्तर मिळालं. भरतपूर विसरलात? राजस्थानातल्या तिथल्या केवलादेव पक्षी उद्यानात १९८२ साली चराई बंद केली, विरोध झाला, गोळीबारात गावकरी मेले. आणि म्हशी गेल्यावर पास्पालम गवत माजून उथळ पाणी बुजायला लागलं. बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) अभ्यासातच ते निघालं. तेव्हा शास्त्र कोणाला कळत होतं?

काठावरचा: भरतपूरचं उदाहरण सगळीकडे चिकटवू नका. शेकाट्या जमिनीवर घरटं करतो, टिटवीसुद्धा (तुम्ही नव्हे, पक्षी). मी स्वतः खुराखाली चिरडलेली अंडी उचलली आहेत. दोन घरट्यांत मिळून सात. त्या दिवसापासून म्हशींचं कौतुक मला ऐकवत नाही.

टिटवी: मग विणीच्या हंगामात चराई बंद ठेवा, पाणी ओसरल्यावर सोडा. त्यासाठी गुराख्याच्या दारात जावं लागतं, कुंपणाला कुलूप लावून भागत नाही.

काठावरचा: दारात गेलोय. तीनदा. तिसऱ्यांदा त्याने ऐकलंही. पण शेजारच्या गावची गुरं कोण अडवणार? रात्री सोडतात.

लव्हाळी: म्हशींवरच किती वेळ चाललंय! जलपर्णीचं बोला. दर रविवारी उपटतात, ढिगासमोर फोटो काढतात. वरून सांडपाण्यातला नायट्रोजन, फॉस्फरस येतच राहतो आणि ती दोन आठवड्यांत दुप्पट होते. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यातला प्रकार. माझे वडील चार वर्षं उपटत होते. गुडघे गेले, जलपर्णी तशीच.

चिखलवाट: लव्हाळीताई, वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. पण सांडपाण्याबद्दल आम्ही अकरा पत्रं पाठवली, पाण्याचे नमुने स्वतःच्या खर्चाने तपासून घेतले. पत्राचा फोटो कोण टाकतं? म्हणून लोकांना रविवारच दिसतो. आणि उपटायचंच नाही म्हटलं तर खाली उजेड पोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे मरतात. नळ बंद होईपर्यंत फरशी पुसावीच लागते.

लव्हाळी: पत्रांचं माहीत नव्हतं, मान्य. मग ती सभेत का वाचत नाही? निदान सूचना फलकावर लावा.

टिटवी: तेच तर म्हणतेय! चार जणांत काम केलं की चौघांनाच कळतं.

चिखलवाट: ठीक. आता खरं लिहितो. मासेमाराला समितीत घ्यायचा प्रस्ताव आमच्याकडेही आला होता आणि विरोध करणाऱ्यांत मी होतो. बैठका लांबतील अशी भीती होती. पुढच्याच वर्षी बांधाचं तोंड कुठे फुटलंय ते त्याच माणसाने दाखवलं, नाहीतर तळं मार्चमध्येच कोरडं पडलं असतं. माझी चूक झाली. पण ‘मक्तेदारी’ हा शब्द मागे घ्या. ज्यांनी स्वतःच्या पेन्शनमधून दुर्बिणी घेतल्या, त्यांना तो लागतो.

टिटवी: दुर्बिणींबद्दल आदर आहे. शब्द मागे घेत नाही. मासेमार कार्यकारिणीत बसला की बघू.

काठावरचा: आणि शेजारच्या गावचा गुराखी?

टिटवी: तोही. तुम्ही चौथ्यांदा जा, मी बरोबर येते.