नुसते डिटेक्टर वाढवून भागणार नाही
अशी सूचना आली आहे की गणपतीच्या प्रत्येक मोठ्या मंडपाच्या दारात मेटल डिटेक्टर सक्तीचा करा. करा की! पण तो सतत पीं-पीं करतो आणि शेजारचा रखवालदार खुर्चीतूनच 'चला, चला' म्हणतो, हे मॉलपासून स्टेशनपर्यंत सगळीकडे दिसतं.

ब्रिटनमधल्या मँचेस्टर अरीना या मोठ्या सभागृहात २२ मे २०१७ ला हल्लेखोर तपासणीतून आत गेलाच नव्हता. तो दाराबाहेरच्या दालनात थांबला आणि कार्यक्रम संपून लोक बाहेर येऊ लागल्यावर स्फोट केला. २२ जण गेले. त्याआधी एका पालकाला संशय आला होता, त्याने सुरक्षारक्षकाला सांगितलंही. ती खबर नियंत्रण कक्षापर्यंत पोचलीच नाही. म्हणून ब्रिटनच्या २०२५ च्या कायद्यात २०० माणसं जमणाऱ्या जागांनीही लोकांना बाहेर कसं काढायचं, दारं कधी लावायची, सूचना कोण देणार हे आधी ठरवायचं आहे. ८०० पासून पुढे अटी वाढतात.

आपल्याकडे २६/११ ला सीएसटीवर रेल्वेचे उद्घोषक विष्णू झेंडे यांनी उद्घोषणा करून कित्येकांना मागच्या बाजूने बाहेर काढलं. हातात होता फक्त माईक.

आता मंडळांना विचारा, गर्दीच्या वेळी माईक कुणाच्या ताब्यात असतो? आणि बाहेर पडायच्या वाटेवर हमखास प्रसादाचं टेबल, नाहीतर जनरेटर. परवानगी देताना पोलिसांनी आधी ते हलवायला लावावं, डिटेक्टरचं नंतर बघू.