मदत हवी आहे: न्यू जर्सी ते सिॲटल गाडीने, वाटेतल्या चमत्कारिक जागांपैकी कुठे थांबावं?

नमस्कार मंडळी,

ऑगस्टच्या शेवटी आम्ही न्यू जर्सीतलं बस्तान हलवून सिॲटलला चाललो आहोत. सामान मूव्हर्सच्या ट्रकमधून जाईल, गाडी मात्र आपणच चालवत न्यायची असं ठरलंय. नवऱ्याला लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार, सुट्टी) झाला की लगेच नव्या ऑफिसात हजर व्हायचंय. त्यामुळे वेळ आहे, पण उधळायला नाही. रस्ता साधारण असा: आय-८० हायवेने पेनसिल्व्हेनिया, ओहायो, इंडियाना करत शिकागो, आणि तिथून आय-९० धरून विस्कॉन्सिन, मिनेसोटा, साउथ डकोटा, वायोमिंगचा कोपरा, मोंटाना, आयडाहो, वॉशिंग्टन.

राष्ट्रीय उद्यानांवर इथे आधीच बरेच धागे आहेत, ते वाचले. माझं दुखणं वेगळं आहे. पाचवीतल्या लेकीला शोध लागलाय की अमेरिकेत रस्त्याकडेला ‘जगातलं सर्वांत मोठं अमुक’ आणि ‘जगातलं एकमेव तमुक’ यांचा सुकाळ आहे. तिने चक्क वही केलीय. मक्याच्या कणसांचा महाल, मोहरीच्या सॉसचं म्युझियम, जुन्या गाड्यांचं स्टोनहेंज, डबाबंद मांसाचं म्युझियम, सुतळीचा गुंडा, बटाट्याचं म्युझियम. प्रत्येकापुढे तारे दिलेत आणि सगळ्यांना पाचच दिलेत.

दुसऱ्या बाजूला सासरे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, गुडघे कुरकुरतात, जिने चढवत नाहीत. ‘हे बघायला एवढं लांब?’ हा प्रश्न ते इतक्या शांतपणे विचारतात की समोरच्याचा उत्साह जागच्या जागी गार पडतो.

तर ज्यांनी हा रस्ता केलाय त्यांनी सांगा: यातलं काय खरंच थांबण्यासारखं आहे, काय नुसतं फोटोत बरं दिसतं, आणि बाबांना गाडीतून खाली उतरावंसं वाटेल असं काही आहे का? लेबर डेच्या आसपास काय काय बंद होतं तेही सांगा.

प्रतिसाद १

मिनेसोटात राहतो, साउथ डकोटात बऱ्याचदा जाणं होतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट. अशा जागा दोन जातीच्या असतात. एक, एक्झिट घेतली, दहा मिनिटं पाय मोकळे केले, हसलो, निघालो. दुसरी, जिच्यासाठी वाट वाकडी करावी लागते. पहिल्या जातीच्या दिवसाला तीन झाल्या तरी चालतात. दुसऱ्या जातीची दिवसाला एकच, आणि तिच्यासाठी घरातल्या किमान दोघांचं मत हवं. वहीतले तारे पुसा आणि प्रत्येक नावापुढे हायवेपासूनचं अंतर लिहायला लावा. निम्मी वही आपोआप गळते.

उदाहरणार्थ सुतळीचा गुंडा. असे दोन प्रसिद्ध गुंडे आहेत. कॅन्ससमधल्या कॉकर सिटीचा १९५३ साली सुरू झाला, आणि तिथे आपण स्वतः सुतळी गुंडाळू शकतो. पण कॅन्सस तुमच्या वाटेवर नाही. मिनेसोटातल्या डार्विन गावचा गुंडा एकाच माणसाने १९५०पासून २९ वर्षं गुंडाळला, १७,४०० पौंडांचा आहे. तो काचेआड ठेवलाय, हात लावता येत नाही, आणि आय-९० सोडून दोनेक तास उत्तरेला जावं लागतं. नकाशावर जवळ दिसतो म्हणून फसू नका. बटाट्याचं म्युझियम आयडाहोत खरं, पण पार दक्षिणेला ब्लॅकफूटमध्ये. तेही कटाप.

आता अगदी हायवेलगतचं. मिनेसोटातल्या ब्लू अर्थ गावी साडेपंचावन्न फुटी हिरवा राक्षस उभा आहे, भाज्यांच्या डब्यांवरचा. पायाखाली उभं राहून फोटो काढायचा, बस. बाबांना सांगा की पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून बांधत आणलेला आय-९० १९७८ साली याच गावाजवळ जोडला गेला आणि तेवढ्या तुकड्याला सोनेरी रंग दिला होता. पुढे साउथ डकोटात शिरल्यावर माँट्रोजजवळ पोर्टर स्कल्प्चर पार्क. साठ फूट उंच बैलाचं डोकं, रेल्वेच्या जुन्या लोखंडी प्लेटा जोडून केलेलं. ते गाडीतूनही दिसतं, पण जवळ जाऊन त्या प्लेटा बघण्यात मजा आहे.

मिचेलचा कॉर्न पॅलेस चुकवू नका, फक्त तारखा बघा. पहिला महाल १८९२चा, आताची इमारत १९२१ची. आत खरं तर बास्केटबॉलचं स्टेडियम आहे. भिंतींवरची चित्रं म्हणजे उभी चिरलेली कणसं खिळ्यांनी ठोकलेली. काळी, लाल, पिवळी, पांढरी, निळसर. रंग दिलेला नसतो, त्या रंगाचा मकाच पेरतात. चित्रं दरवर्षी बदलतात आणि जुनी उतरवायचं काम ऑगस्टअखेर सुरू होतं. म्हणजे तुम्ही पोचाल तेव्हा एखादी भिंत अर्धी उघडी असू शकते. मला विचाराल तर तेच जास्त बघण्यासारखं, कारण कणसं नेमकी बसवतात कशी ते तेव्हाच कळतं. प्रवेश फुकट.

प्रतिसाद २

यलोस्टोनच्या इतक्या जवळून जाताय आणि कणसं बघत बसणार? आश्चर्य आहे. बाकी चालू द्या.

धागाकर्ती

@प्रतिसाद २: यलोस्टोन झालंय आमचं. शिवाय अस्वल बघायला मिळेल याची हमी नसते, कणसं पळून जात नाहीत.

@प्रतिसाद १: अंतराची युक्ती झकास! वही लगेच निम्मी झाली, रडारडही झाली. विस्कॉन्सिनबद्दल कुणी सांगेल का? ‘हाउस ऑन द रॉक’ नावाच्या तिथल्या चमत्कारिक घर-संग्रहालयाबद्दल परस्परविरोधी वाचलं.

प्रतिसाद ३

मॅडिसनहून.

मोहरीचं म्युझियम मॅडिसनला लागूनच मिडलटनमध्ये आहे. प्रवेश फुकट, चवीला वेगवेगळे सॉस देतात. शाकाहारी मंडळींना निर्धास्त नेता येईल असं त्या वहीतलं हे एकच दिसतंय! हे उभं करणारे बॅरी लेव्हनसन राज्य सरकारचे वकील होते. १९८६ साली त्यांचा लाडका बेसबॉल संघ, बॉस्टन रेड सॉक्स, अंतिम सामना हरला. झोप येईना म्हणून रात्री किराणा दुकानात भटकताना मोहरीच्या बाटल्यांसमोर उभे राहिले आणि तिथून जमवायला लागले. आज सहा हजारांहून अधिक प्रकार आहेत. नोकरी सोडून १९९२ साली म्युझियम काढलं. सासरे क्रिकेटवेडे असतील तर त्यांना ही गोष्ट गाडीतच सांगून ठेवा, मग ते स्वतः दार उघडून उतरतील.

‘हाउस ऑन द रॉक’बद्दल माझं स्पष्ट मत: गुडघे दुखणाऱ्याला नेऊ नका. सगळं बघायला तीन-चार तास लागतात, चढउतार आहेत, आतला उजेड मंद आणि यंत्रांची वाद्यं कानाशी वाजत असतात. २१८ फूट लांबीची ‘इन्फिनिटी रूम’ दरीवर आधाराशिवाय पुढे गेलीय, टोकाला पोचताना पायाखाली हलल्यासारखं वाटतं. २६९ प्राण्यांचं भलंमोठं मेरी-गो-राउंड आहे, त्यात एकही घोडा नाही आणि त्यावर कुणाला बसूही देत नाहीत. मुलीला वेड लागेल. मला स्वतःला तासाभरात गुदमरल्यासारखं झालं, पण घरचे बाकी सगळे खूश होते.

तोडगा आहे. तिथून जवळच, स्प्रिंग ग्रीन गावापाशी, प्रसिद्ध वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांचं राहतं घर टॅलिएसिन आहे, २०१९पासून जागतिक वारसा यादीत. तिथे गाइडबरोबर टूर असते. बाबा आणि तुमचे यजमान तिकडे, तुम्ही आणि लेक इकडे. टूरमध्ये चालणं किती आहे ते बुकिंग करताना विचारा, कमी चालण्याची निवडता येते.

रस्त्याचं म्हणाल तर मॅडिसननंतर आय-९० सोडून यूएस-१४ धरा. मिडलटन, स्प्रिंग ग्रीन करत तो थेट ला क्रॉसला आय-९०ला मिळतो. दोन पदरी आहे, वेळ जास्त लागतो, पण उलट फिरावं लागत नाही.

प्रतिसाद ४

सरळ रूट ६६ घ्या की, शिकागोहून लॉस एंजेलिसकडे जाणारा जुना हायवे! अमारिलोचं कॅडिलॅक रँच (जमिनीत रोवलेल्या जुन्या गाड्या), ओक्लाहोमातला निळा देवमासा. खरी मजा तिकडे आहे.

प्रतिसाद १

अहो, त्यांना सिॲटलला जायचंय, लॉस एंजेलिसला नाही.

प्रतिसाद ५

इंजिनिअर सासरे असतील तर साउथ डकोटातली ‘मिनटमन मिसाइल’ची जागा हा तुमचा हुकमी एक्का. शीतयुद्धाच्या काळात या गवताळ माळाखाली अण्वस्त्रं ठेवलेली होती, शेजारी गाई चरत होत्या. आता नॅशनल पार्क सर्व्हिसकडे आहे. आय-९०वरच तीन ठिकाणी विभागलंय: एक्झिट १३१ला माहिती केंद्र, १२७ला डेल्टा-०१ हे नियंत्रण केंद्र, ११६ला डेल्टा-०९ हा क्षेपणास्त्राचा खड्डा.

इथे नीट लक्ष द्या. डेल्टा-०१ला लिफ्टने जमिनीखाली नेतात आणि एका वेळी मोजकीच माणसं घेतात, म्हणून बुकिंग लवकर संपतं. तिथल्या पोलादी दारावर जवानांनी पिझ्झाच्या खोक्याची नक्कल रंगवलीय: ‘जगभरात ३० मिनिटांत घरपोच, नाहीतर पुढचं फुकट.’ पण लिफ्ट बंद पडली तर शिडीने वर चढता आलं पाहिजे अशी अट असते, पंधरा-पंधरा फुटांच्या दोन शिड्या. बाबांना ते जमणार नाही, तेव्हा त्यांना आशा लावू नका. त्यांना डेल्टा-०९ला न्या. सपाट जागा, काचेतून खाली बघायचं, खड्ड्यात सरावाचं क्षेपणास्त्र उभं आहे. झाकणाचं काँक्रीट बघून ते आपणहून बोलायला लागतील.

त्याच दिवशी एक्झिट ११०ला वॉल ड्रग. १९३१ साली एका जोडप्याने माळरानावरचं औषधाचं दुकान घेतलं, गिऱ्हाईक फिरकेना. १९३६च्या उन्हाळ्यात बायकोला सुचलं की हायवेवर पाट्या लावू: बर्फाचं पाणी फुकट. आज तिथे अवाढव्य बाजार आहे, बर्फाचं पाणी अजून फुकट आणि कॉफी पाच सेंट. खरं सांगायचं तर दुकानापेक्षा पाट्या भारी. शेकडो मैल आधीपासून सुरू होतात. मुलीला मोजायला लावा, गाडीत दोन तास शांतता मिळेल.

मर्डो आणि काडोकाच्या मध्ये घड्याळ एक तास मागे जातं. बुकिंगची वेळ त्या हिशोबाने धरा.

प्रतिसाद ६

बंद होण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही. लेबर डेनंतर लहान जागा वेळ कमी करतात, काही आठवड्यातले ठरावीक दिवसच उघडतात, काही थेट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बंद. वेबसाइटवरची वेळ जुनी असू शकते, आदल्या दिवशी फोन करा. एकाच माणसाने चालवलेलं म्युझियम असेल तर तो माणूस जेवायला गेला की म्युझियम बंद, हे गृहीत धरा.

प्रतिसाद ७

पश्चिमेकडच्या दोन जागा. दोन्ही अगदी आय-९०वर.

ब्यूट, मोंटाना: बर्कली पिट. तांब्याची उघडी खाण, १९५५ ते १९८२ चालली. उपसा थांबल्यावर पाणी भरत गेलं, आता ते आम्लयुक्त, जड धातूंनी भरलेलं तळं आहे. १९९५ साली त्यावर उतरलेले शेकडो स्नो गूज पक्षी मेले. बघण्यासाठी सज्जा बांधलाय आणि विषारी तळं बघायचं तिकीट घेतात! आयुष्य पाण्याच्या हिशोबात घालवलेल्या माणसाला याहून चांगली जागा सापडणार नाही.

वॉलेस, आयडाहो: गावाच्या चौकात मॅनहोलचं झाकण आहे, २००४ साली महापौरांनी ते विश्वाचा मध्यबिंदू म्हणून घोषित केलं. त्यावर उभं राहून फोटो. पण खरी गोष्ट हायवेची. आय-९० या गावातल्या इमारती जमीनदोस्त करत जाणार होता. गावाने जुन्या इमारती ऐतिहासिक वारशाच्या यादीत घालून घेतल्या, मग सरकारला हायवे खांबांवरून बाजूने न्यावा लागला. १९९१पर्यंत आय-९०वरचा शेवटचा सिग्नल याच गावात होता.

प्रतिसाद ८

खाण्याचं: इलेक्ट्रिक केटल, झटपट पोहे-उपमा, पहिल्या दोन दिवसांचे ठेपले. मिचेलनंतर शाकाहाराची आशा पिझ्झ्यावर. अवांतर: डबाबंद मांसाचं म्युझियम मिनेसोटातल्या ऑस्टिनमध्ये, वाटेवरच आहे, फुकट आहे आणि मांडणी फार गमतीदार. पण बाबांचा चेहरा डोळ्यांसमोर आणा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना धागा वाचून दाखवला. क्षेपणास्त्र आणि विषारी तळं त्यांनी तत्काळ मंजूर केलं, रेड सॉक्सच्या वकिलालाही. डबाबंद मांसाला ‘मी गाडीत बसतो, तुम्ही या’ असा सशर्त होकार आहे. एकच भांडण उरलंय: गाड्यांचं स्टोनहेंज. लेक अडून बसलीय. रॅपिड सिटीहून जावं का?

प्रतिसाद १

कारहेंज नेब्रास्कातल्या अलायन्सला आहे. १९८७ साली एकाने वडिलांच्या आठवणीसाठी जुन्या गाड्यांना राखाडी रंग देऊन उभं केलं, कमानींसकट. फुकट आहे, उघड्यावर आहे, सपाट आहे, म्हणून बाबांनाही चालेल. पण रॅपिड सिटीहून जाऊन-येऊन आख्खा दिवस मोडतो आणि वाटेत फारसं काही नाही. डेल्टा-०१चं बुकिंग मिळालं नाही तर तो दिवस मोकळा होईल, तेव्हा जा. मिळालं तर नको. बुकिंग आजच करून टाका आणि लेकीला सांगा, निकाल त्यावर.