मार्टिनिकची केळी युरोपात टिकते कशी? रावेर-यावलवाल्यांसाठी नेमकी माहिती हवी

गावशिवार:
मंडळी, केळी निर्यातीचं काहीही वाचायला घेतलं की मार्टिनिकचं नाव येतंच. कॅरिबियनमधलं फ्रान्सचं बेट, क्षेत्रफळ ११२८ चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या जळगाव जिल्ह्याच्या दहाव्या भागाइतकं. मजुरी फ्रान्सच्या दराने, जमीन चढउताराची, वर चक्रीवादळं. तरी माल बारा महिने फ्रान्सला जातो. आपल्याकडे मजुरी कमी, तापीकाठची भारी जमीन, ठिबक, जी-नाईन जात, सगळं आहे. पण आवक वाढली की रावेरचा भाव बसतो. त्यांचं गणित काय आहे? आणि केळीच्या औषधाने तिथली जमीन नासली म्हणतात, ते खरं का?

सातमाळ:
आधी जमीन आणि हवा बघा, अर्धं उत्तर तिथेच आहे. बेटाच्या उत्तर टोकाला पेले हा जागृत ज्वालामुखी आहे, उंची सुमारे १४०० मीटर, आपल्या सातपुड्यातल्या अस्तंबा शिखराहून थोडी जास्त. अटलांटिकवरून येणारा वारा वर्षभर पूर्वेकडून वाहतो आणि डोंगराला अडतो. म्हणून माथ्यावर वर्षाला पाच मीटरच्या घरात पाऊस, आणि बेटाचं दक्षिण टोक मात्र कोरडं. केळी मुख्यत्वे पावसाच्या बाजूला, म्हणजे बास-प्वांत, लोरेन, सेंत-मारी या ईशान्येच्या पट्ट्यात. तिथली माती ज्वालामुखीच्या कोवळ्या राखेची. पाणी धरते आणि निचराही देते.

त्याहून मोठा फरक तापमानाचा. तिकडे बाराही महिने साधारण २४ ते ३० अंश. झाड थांबतच नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो, पानं फाटतात, घड सटकतात. जानेवारीच्या रात्री पारा १० च्या खाली गेला की चरका, म्हणजे थंडीचा फटका, बसतो आणि निसवण, म्हणजे घड बाहेर पडणं, लांबते. मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची) आणि कांदेबाग (पावसाळ्यानंतरची) अशा दोन लागवडींत आपण सगळं बसवतो, त्यामुळे कापणीही ठरावीक महिन्यांत एकदम येते. तिथे एकाच बागेत दर आठवड्याला थोडे घड तयार होतात. खरेदीदाराला रोपाच्या जातीपेक्षा हा सलगपणा जास्त मोलाचा. जात तीच आहे, ग्रँड नाईन, म्हणजे आपली जी-नाईन!

हिशोबनीस:
सातमाळ भाऊंचं बरोबर, पण नुसत्या हवामानावर ती केळी टिकली नसती. इक्वेडोर आणि कोलंबियाचा माल तिच्याहून स्वस्त पडतो. मार्टिनिक १९४६ पासून फ्रान्सचा जिल्हा आहे, म्हणजे तो युरोपीय संघाचाच भाग. चलन युरो, किमान वेतन फ्रान्सचंच. लॅटिन अमेरिकेच्या केळीवर युरोप आयात शुल्क घेतो. ते पूर्वी टनाला १७६ युरो होतं, करार होत होत २०२० पासून त्या देशांपुरतं ७५ वर आलं. मार्टिनिकच्या मालावर शुल्क नाही. आणि शुल्काची भिंत जसजशी खाली आली तसतशी थेट मदत महत्त्वाची झाली: मार्टिनिक आणि ग्वादलुप या दोन्ही बेटांच्या केळीला मिळून युरोप वर्षाला सुमारे १३ कोटी युरो देतो. हा आधार काढला तर बागा बंद पडतील, हे तिथल्या उत्पादकांच्या संघटनाही मान्य करतात.

म्हणून "त्यांना जमतं मग आपल्याला का नाही" असं विचारताना ही रक्कम विसरू नका.

बाकी अर्थव्यवस्था म्हणाल तर सरकारी नोकरी, पर्यटन, उसाच्या रसापासूनची रम (१९९६ पासून तिला फ्रान्सचं भौगोलिक मानांकन, जसं २०१६ मध्ये जळगावच्या केळीला मिळालं). खायचं बहुतेक सगळं बोटीने येतं आणि आयातीवर 'ऑक्ट्रुआ द मेर' हा जुना सागरी कर. त्यामुळे किराणा फ्रान्सच्या मुख्य भूमीपेक्षा सुमारे ४० टक्के महाग. २००९ चा मोठा संप आणि २०२४ ची आंदोलनं याच महागाईवरून झाली. तरुण पोरं फ्रान्सला निघून जातात. लोकसंख्या चार लाखांजवळ होती, ती साडेतीन लाखांच्या आसपास उतरली.

कंदमूळ:
विषाचं खरं आहे आणि ते केळीमुळेच झालं. औषधाचं नाव क्लोरडेकोन. केळीच्या कंदाला पोखरणाऱ्या सोंडकिड्यासाठी १९७२ पासून वापरलं. ५ टक्क्यांची भुकटी, झाडामागे साधारण ३० ग्रॅम, बुंध्याभोवती टाकायची. अमेरिकेत ते बनवणारे कामगार आजारी पडले आणि १९७५ मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. पण १९७९ आणि १९८० च्या वादळांनंतर बेटांवर किडा वाढला आणि १९८१ मध्ये पुन्हा परवानगी निघाली. फ्रान्सने १९९० मध्ये बंदी घातली, तरी या बेटांना सवलत देऊन वापर १९९३ पर्यंत चालू राहिला.

ते मातीला घट्ट चिकटतं. राखेच्या मातीत शतकानुशतकं राहील असा काही शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. केळीच्या फळात ते पोचत नाही, कारण झाडात वर फारसं चढत नाही. पण रताळी, कोनफळ, अळकुड्या अशी कंदं ते मातीतून ओढून घेतात. ओढ्यांमधून समुद्रात गेल्यामुळे किनाऱ्याच्या काही भागांत मासेमारी बंद आहे. दोन्ही बेटांवरच्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांच्या रक्तात ते सापडलं. बागेत हे औषध हाताळलेल्यांचा प्रोस्टेट कर्करोग २०२१ मध्ये व्यावसायिक आजार मानला गेला. २०२३ च्या जानेवारीत पॅरिसच्या न्यायाधीशांनी फौजदारी चौकशी मात्र बंद केली. ज्यांनी पोटासाठी बुंध्याशी भुकटी टाकली त्यांना न्याय मिळाला, असं म्हणताच येत नाही.

गावशिवार:
मग आता ते सोंडकिड्याचं काय करतात? आपल्याला उपयोगी पडेल असं काही?

कंदमूळ:
तीन गोष्टी. जुनी बाग काढली की शेत वर्षभर केळीविना ठेवतात, कारण किडा केळीवरच जगतो आणि तो फारसा उडत नाही. नंतर मुनव्याऐवजी (जुन्या झाडाच्या कंदापासून फुटलेल्या पिल्लाऐवजी) प्रयोगशाळेत वाढवलेली ऊतिसंवर्धित रोपं लावतात, म्हणजे कंदातून किडा येत नाही. तिसरं, कामगंध सापळे, म्हणजे किड्याला वासाने ओढणारे. आपल्याकडे मुनवे वापरायचेच असतील तर कंदाची साल तासून, काळी भोकं दिसली की तो मुनवा बाजूला काढा. पाळतीला हेक्टरी चार-पाच सापळे पुरतात. भांड्याची कड जमिनीच्या पातळीत ठेवा, नाहीतर किडा चालत आत पडत नाही. आत साबणाचं पाणी, ल्युअर (वासाची पुडी) साधारण महिन्याने बदला. घड कापल्यावर खोड तसंच उभं सोडू नका, उभं चिरून वाळू द्या. ओलं खोड म्हणजे त्याचं घर.

सातमाळ:
करप्याचंही, म्हणजे पानांवरच्या बुरशीच्या रोगाचंही, सांगतो, आपला खरा त्रास तोच. काळा करपा मार्टिनिकमध्ये २०१० मध्ये शिरला. विमानाने फवारणी आता बंद आहे, म्हणून आठवड्याला बागेत फिरून पानाचा रोगट भागच कापतात, पूर्ण पान नाही. निसवणीच्या वेळी झाडावर चांगली पानं कमी पडली तर घड भरत नाही आणि माल बोटीतच पिकायला लागतो. फ्रान्सच्या डंकर्क बंदरापर्यंत हिरवा राहिला पाहिजे. फण्या पाण्यात धुऊन चीक काढतात, साधारण साडेअठरा किलोची पेटी, कंटेनरमध्ये १३ अंशांच्या आसपास. त्याच्या खाली गेलं की चरका, आपल्या जानेवारीसारखाच.

हिशोबनीस:
लोकांबद्दल एक राहिलं. बहुसंख्य लोक आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांचे वंशज. गुलामगिरी १८४८ मध्ये संपली आणि उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून १८५३ ते १८८३ या काळात सुमारे २५ हजार भारतीय करारावर नेले, त्यात तमिळ जास्त. बास-प्वांतच्या बाजूला त्यांची वस्ती आणि देवळं आजही आहेत. बेटावरच्या 'कोलंबो' मसाल्यात धने, जिरं, हळद, मेथी असते. मोठ्या मळ्यांची मालकी मात्र बऱ्याच प्रमाणात जुन्या गोऱ्या घराण्यांकडेच राहिली.

गावशिवार:
आणि वादळात बाग गेली तर विमा मिळतो का?

हिशोबनीस:
मुख्य भरवसा सरकारी मदतीवर. ऑगस्ट २००७ च्या डीन वादळात बेटावरची जवळजवळ सगळी केळी आडवी झाली. नवीन फुटवे वाढून कापणी सुरू व्हायला सात-आठ महिने जातात, आणि तेवढे दिवस खरेदीदार दुसरीकडून माल घेतो. आपल्या हवामान आधारित फळपीक विम्यात नुकसान महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावरच्या नोंदीवर ठरतं. जोराच्या वाऱ्याचं वेगळं आहे, तिथे ठरलेल्या मुदतीत कळवावं लागतं. झाडं पडलेली दिसली की आधी फोटो आणि तक्रार, मग साफसफाई.