मदत हवी आहे: आईच्या कोपरात नस दबली आहे, ऑपरेशनशिवाय काय काय करता येईल?

नमस्कार मंडळी,

आई लालबागला घरीच ब्लाउज शिवते. पावसाळ्यापासून तिच्या उजव्या हाताची करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते, रात्री मुंग्यांनी जाग येते. आधी मानेचं दुखणं वाटलं होतं. नर्व्ह कंडक्शन तपासणीत (नसेतून संदेश नीट जातो का ते बघतात) अल्नर नस, म्हणजे करंगळीकडे जाणारी नस, कोपराशी दबल्याचं कळलं, म्हणजे क्युबिटल टनेल सिंड्रोम. शुगर, बी-१२ नॉर्मल आहे. पकड चांगली आहे, स्नायू वाळलेले नाहीत, म्हणून डॉक्टर म्हणाले की ३ महिने ऑपरेशनशिवाय बघू.

कोपर दुमडलं की नस ताणली जाते आणि तिच्याभोवतीची जागाही आवळते, असं त्यांनी समजावलं. त्यामुळे झोपेत हात पूर्ण दुमडू न देणं सगळ्यात महत्त्वाचं. कोपर साधारण ४५ अंशांपर्यंतच वाकेल असा स्प्लिंट (हाताला बांधायचा आधार) सांगितलाय. दुकानातून तयार आणलेला तिला काचतो, शिवाय घामाने पुरळ उठलं. सध्या कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळून झोपते, पण पहाटेपर्यंत तो सुटलेला असतो. हाजी अलीच्या अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत किंवा केईएम रुग्णालयाच्या ऑक्युपेशनल थेरपी विभागात कुणी मापाचा स्प्लिंट करून घेतलाय का? मुंबईच्या उकाड्यात रात्रभर सहन होतो का?

दिवसाचा प्रश्न त्याहून अवघड आहे. मशीनच्या फळीच्या कडेला फोम लावलाय, फोन स्पीकरवर घ्यायला लावलंय. पण तुरपाई आणि हुक-काजं करताना हात दुमडलेलाच राहतो. काम बंद ठेवणं तिला परवडणारं नाही, गणपतीआधी तर नाहीच. शिवणकाम करणाऱ्या कुणी बसण्याची, टेबलाच्या उंचीची काही वेगळी सोय केली असेल तर कृपया सविस्तर लिहा.

फिजिओथेरपिस्टने नर्व्ह ग्लायडिंगचे (नस हळुवार सरकती ठेवण्याचे) व्यायाम दिलेत. ते केल्यावर थोडा वेळ मुंग्या वाढतात. तुम्हाला असं झालं होतं का, आणि तेव्हा व्यायाम कमी केलात की थांबवलात? (पुढच्या भेटीत विचारणार आहेच.)

शेजारच्या काकू तेलाने रगडून मालिश सुचवतात. त्यांची माया कळते, पण कोपराच्या आतल्या हाडामागे ती नस अगदी कातडीखाली असते. तिथे जोर लावणं मला पटत नाही, म्हणून मालिशचे उपाय कृपया नकोत.

अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग खोल जाऊ लागला किंवा हातातून वस्तू निसटू लागल्या, तर ३ महिने संपायची वाट न बघता लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलंय. तिकडे माझं लक्ष आहे. ज्यांचं ऑपरेशनशिवाय बरं झालं, त्यांना रात्रीची झोप सलग लागायला किती आठवडे लागले, तेवढं नक्की सांगा.