मदत हवी आहे: लेखनिक मिळवून देणाऱ्या संस्थेसाठी लोगो आणि वेबसाइट

नमस्कार मंडळी,

आम्ही काही जणांनी मिळून एक छोटी संस्था सुरू केली आहे. दृष्टिहीन विद्यार्थ्यांना परीक्षेसाठी लेखनिक, म्हणजे ते सांगतील ते उत्तर लिहून देणारी व्यक्ती, मिळवून देणं, एवढंच तिचं काम. नोंदणी झाली आहे, कामही चालू आहे, पण सगळं फोनवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर. परीक्षा जवळ आल्या की ग्रुपवर "उद्या सकाळी दहाला, इतिहास, कोणी मोकळं आहे का?" असे निरोप धडाधड येतात, आणि कालचा निरोप वर कुठेतरी गडप होतो. त्यात एखाद्या मुलाचा पेपर राहून गेला तर, ही धास्ती कायम असते.

म्हणून साधी वेबसाइट हवी आहे. विद्यार्थ्याला लेखनिक मागता यावा, लेखनिकाला नाव नोंदवता यावं आणि संस्थेची माहिती मिळावी. सोबत लोगो. जमा होणारे पैसे लेखनिकांच्या प्रवासखर्चाला जातात, त्यामुळे हे काम स्वयंसेवक म्हणून करणारे डिझायनर शोधतो आहोत.

इथे एक गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण आमच्या दृष्टीने तीच सगळ्यांत महत्त्वाची आहे. आमच्या एका विद्यार्थिनीने दुसऱ्या कुठल्याशा साइटवरचा अर्ज स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून मला ऐकवला. "एडिट. एडिट. एडिट. बटन. बटन." कुठल्या रकान्यात नाव लिहायचं आणि कुठल्यात फोन, याचा पत्ता नाही, कारण रकान्यांना लेबलंच दिलेली नव्हती. तरीही ती अंदाजाने शेवटपर्यंत गेली, आणि तिथे चित्रातली अक्षरं ओळखायला सांगितली होती. तिने टॅब बंद केला. आमची साइट दिसायला साधी असली तरी चालेल, पण ती फक्त कीबोर्डने आणि कानाने वापरता आलीच पाहिजे. अंधुक दिसणारेही बरेच जण आहेत, त्यामुळे अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला कॉन्ट्रास्ट डब्ल्यूसीएजीप्रमाणे (वेबसाइट सर्वांना वापरता यावी यासाठीचे आंतरराष्ट्रीय निकष) किमान ४.५:१ हवा. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे, त्यावर तपासून द्यायला आमचे विद्यार्थी तयार आहेत.

लोगो काळ्या-पांढऱ्यातही ओळखू यावा आणि ब्राउझरच्या टॅबवर १६ पिक्सेलमध्येही टिकावा. मूळ फाइल एसव्हीजीमध्ये (कितीही मोठं केलं तरी चित्र न फुटणारा प्रकार) हवी. फॉन्ट मुक्त परवान्याचा असावा, उदा. 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचा 'मुक्त'. काळा चष्मा आणि पांढरी काठी कृपया नको, मुलांनीच तसं सांगितलं आहे.

आता प्रश्न.

असे डिझायनर शोधायचे कुठे? टॅपरूट, कॅचाफायर आणि संयुक्त राष्ट्रांची ऑनलाइन स्वयंसेवक सेवा ही नावं माहीत आहेत. यांपैकी कुठे कोणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का? देवनागरीत सहज काम करणारं कोणी तिथे मिळतं का? की डिझाइन शिकवणाऱ्या कॉलेजांकडे जाणं बरं? विद्यार्थ्यांना प्रकल्प हवे असतात हे खरं, पण सत्र संपलं की साइट कोण सांभाळणार, ही काळजी वाटते. कॅनव्हा हे डिझाइनचं ऑनलाइन साधन पात्र नोंदणीकृत संस्थांना मोफत मिळतं. पत्रकांसाठी ते वापरूच, पण तयार साच्यातला लोगो नको वाटतो. तोच आकार आणखी कोणाकडेही दिसू शकतो.

लोगोची स्पर्धा ठेवा, असं दोघा-तिघांनी सुचवलं. मला ते पटत नाही. एकाचं काम घ्यायचं आणि बाकीच्यांची मेहनत वाया घालवायची, हे स्वयंसेवकांशी वागणं बरं नव्हे. अशा फुकट नमुन्यांविरुद्ध डिझायनरांची 'नो स्पेक' नावाची मोहीमच आहे. त्यापेक्षा आधीची कामं पाहून एकालाच विचारावं, या मताचा मी आहे. कोणाचा वेगळा अनुभव असेल तर जरूर सांगा.

दुसरं, कराराचं. बर्न करार या कॉपीराइटविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांत काम तयार होताच कॉपीराइट निर्माण होतो, नोंदणी लागत नाही, आणि तो सहसा काम करणाऱ्याचाच असतो. त्यामुळे लोगोचे हक्क संस्थेकडे येतील आणि डिझायनरला तो स्वतःच्या पोर्टफोलिओत दाखवता येईल, असं सुरुवातीलाच लेखी ठरवायचं आहे. कोणाकडे अशा एकपानी कराराचा मसुदा असेल तर फार उपयोग होईल. डोमेन आणि होस्टिंगची खाती संस्थेच्याच नावावर राहतील.

आमच्याकडून मजकूर तयार आहे. निर्णय आम्ही दोघंच घेऊ, कार्यकारिणीतल्या प्रत्येकाच्या सूचना डिझायनरच्या गळ्यात पडणार नाहीत. लोगोत सुधारणेच्या दोनच फेऱ्या मागू. साइटचं काम त्यानंतर, आणि ते वेगळ्या व्यक्तीने केलं तरी चालेल. वर्डप्रेस असेल तर पुढची डागडुजी आमच्यातला एक जण करू शकतो.

स्वयंसेवक म्हणून काम केलेल्या डिझायनरांनी हेही सांगावं: संस्थेने काय केलं की काम अर्धवट सोडावंसं वाटतं? ते आम्हाला आधीच टाळायचं आहे.

ज्यांना स्वतःला हे काम करावंसं वाटतंय, त्यांनी आधीच्या दोन-तीन कामांचे दुवे आणि आठवड्याला साधारण किती वेळ देता येईल, हे व्यक्तिगत निरोपातून कळवा.